वेल्सचं फूल आणि मनोहरराव

ब्रिटिश होण्यासाठी काय काय माहीत असावं लागतं, हे कधी ब्रिटिश माणसाला विचारू नये. त्याला माहीत नसतं. कॉव्हेंट्रीच्या ज्या लायब्ररीत माझा वर्ग भरायचा, तिथल्या केअरटेकरला मी एकदा गंमत म्हणून सराव-परीक्षेचे प्रश्न घातले. पिढ्यानपिढ्या इथलाच माणूस, सपशेल नापास झाला. खोलीची चावी माझ्या हातात देत म्हणाला, "बरं झालं मी इथेच जन्मलो. बाहेरून आलो असतो तर मला कोणी आत घेतलं नसतं."

मी मूळची सांगलीची. तिथे शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. म्हणजे ज्याच्या तासाला मुलं गणिताचा गृहपाठ पुरा करतात, तो विषय. लग्न होऊन इथे आले, पाच-सहा नोकऱ्या केल्या, आणि फिरून फिरून भोपळे चौकात तसं कौन्सिलच्या प्रौढ शिक्षण केंद्रात पुन्हा नागरिकशास्त्रच पदरात पडलं. फरक एवढाच, की इथे माझ्या विषयाला कोणी हसत नव्हतं. दर शनिवारी सकाळी मोठी मोठी माणसं पेन्सिली परजून बसायची.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. ज्याला या देशात कायमचं राहायचं आहे किंवा इथलं नागरिकत्व घ्यायचं आहे, त्याला ही परीक्षा चुकत नाही. एक सरकारी पुस्तक असतं. त्यातले चोवीस प्रश्न कॉम्प्युटरवर येतात, पाऊण तास मिळतो, अठरा बरोबर आले की पास. पासष्टी गाठली की माफी. पुस्तकात रोमन लोकांपासून पार्लमेंटपर्यंत सगळं आहे. सकाळी आठच्या ठोक्याला डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसाठी फोन लावत कसं बसायचं, किंवा गोरा शेजारी "नॉट बॅड" म्हणाला तर त्याला ते फारच आवडलंय हे कसं ओळखायचं, ते मात्र नाही. ते मी वेळात वेळ काढून शिकवायचे. खरं तर तोच अभ्यासक्रम उपयोगाचा.

वर्गात सगळ्या देशांची माणसं असायची, पण आपली मराठी मंडळी लांबूनही ओळखू यायची. ती पहिल्या दिवशी विचारायची, "इम्पॉर्टंट काय काय आहे?" पुण्याचे एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ तर पुस्तकाशी वाद घालायचे. प्लासीच्या लढाईबद्दल पुस्तक काय म्हणतं आणि काय म्हणायला हवं, यावर त्यांनी माझा एक पूर्ण तास खाल्ला. शेवटी मी म्हटलं, "साहेब, तुमचं बरोबर आहे. पण परीक्षेत पुस्तकाचं बरोबर लिहा, आणि पासपोर्ट मिळाला की पार्लमेंटला पत्र लिहा." ते पहिल्या फटक्यात पास झाले. पत्र लिहिलं की नाही, माहीत नाही.

अशा हुशार लोकांची काळजी कधी वाटली नाही. मला आठवतात त्या शालिनीकाकू.

वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या, पण सगळा वर्ग काकू म्हणायचा म्हणून मीही म्हणू लागले. मूळच्या अमरावतीच्या. पस्तीसेक वर्षं कॉव्हेंट्रीत. नवरा, मनोहरराव, गाड्यांच्या कारखान्यात होते, आणि काकू एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात. तिथल्या मुलांना "नो वेजिटेबल, नो पुडिंग" असा दम देऊन देऊन त्यांचं इंग्रजी भलतंच खणखणीत झालं होतं. त्यामुळे नागरिकत्वासाठी लागणारी बोलण्याची परीक्षा त्यांनी हसत हसत पार केली होती. राहिली होती ती ही.

आता इतक्या वर्षांनी नागरिकत्व कशाला, असं मी विचारलं. त्या दोघांकडे कायमच्या वास्तव्याचा शिक्का पूर्वीपासून होता. मनोहररावांनी भारतीय पासपोर्ट सोडायचा नाही म्हणून सोडला नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा, सून, दोन नातवंडं इथेच, दोन गल्ल्या सोडून. सगळं बरं चाललेलं. तेवढ्यात तिकडे अमरावतीला काकूंच्या आईला सांभाळणारा त्यांचा भाऊ वारला. आई नव्वदीच्या घरात, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली, आणि विसरत चाललेली.

"शेजारची सून पाहून रायली सध्या," काकू म्हणाल्या. "पण ते किती दिवस पाहीन बाई? मले जा लागते. आता माय किती दिवस आहे ते कोण सांगते? सहा महिने, नाही तर सहा वर्षं."

आणि नियम असा, की शिक्कावाला माणूस सलग दोन वर्षं देशाबाहेर राहिला तर शिक्का बाद होतो. म्हणजे आईजवळ राहिल्या तर नातवंडांकडे परतायची खात्री नाही, आणि नातवंडांजवळ राहिल्या तर आई एकटी. ब्रिटिश पासपोर्ट असला, की भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड काढून तिकडे हवं तितकं राहता येतं आणि परतही येता येतं. माहेरी जाता यावं म्हणून या बाईला ब्रिटिश व्हायचं होतं. इतकं सरळ कारण माझ्या वर्गात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. पासष्टीला अजून तीन वर्षं होती, आणि तेवढं थांबायला आईला कोण सांगणार.

काकू अभ्यासाला बसल्या आणि मी थक्क झाले. सराव-प्रश्नांच्या जाडजूड पुस्तकातला कुठलाही संच द्या, दहा मिनिटांत सोडवून पुढे. एक चूक नाही. मी वर्गाला त्यांचं उदाहरण द्यायला लागले. पुढच्या बाकावरच्या केतकीला, म्हणजे निखिल नावाच्या आयटीवाल्याच्या पुण्याहून आलेल्या बायकोला, मी म्हटलंसुद्धा, "काकूंकडे बघ जरा. तू नुसती फोनवर रील्स बघत असतेस."

काकू बर्मिंगहॅमच्या केंद्रात परीक्षेला गेल्या आणि नापास झाल्या. घाबरल्या असतील म्हणून मी समजूत घातली. पुन्हा गेल्या, पुन्हा नापास. तेव्हा मात्र मी त्यांना वर्गानंतर थांबवलं आणि त्याच पुस्तकातला एक प्रश्न तोंडी विचारला. पर्याय वाचून दाखवायच्या आधीच उत्तर आलं.

"ब."

"ब म्हणजे काय, काकू?"

"ब म्हणजे ब."

"पण ब मध्ये काय लिहिलंय?"

"ते नाही पाह्यलं बाई. पान एकेचाळीस, खालून दुसरा, ब."

मी पुस्तक मिटलं. त्यांनी सगळं पुस्तक असं पाठ केलं होतं. कुठल्या पानावर कुठला प्रश्न, त्याला अ की ब की क. शाळेत असताना गाइडावरून असंच करायच्या म्हणे, आणि वर्गात पहिल्या यायच्या. खऱ्या परीक्षेत प्रश्नांची भाषा वेगळी आणि पर्याय उलटसुलट, तिथे त्यांचा ब कुणाच्या कामाचा. एवढ्या मेहनतीत माणूस ते पुस्तक समजून घेऊन वर एखादा नवा धडा लिहू शकला असता. मी पाठांतराची हाडवैरीण. मला रडावं की हसावं ते कळेना.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. गोष्टी सांगितल्या, नकाशे काढले, राजांच्या वंशावळी लावल्या. काकू मान डोलवायच्या आणि पुढच्या शनिवारी सगळं पुसलेलं असायचं. "सगळे राजे मले एकासारखे एक दिसते," त्या म्हणायच्या. "अन् वेल्सचा माहा काय संबंध सांगा बरं? मी गेलीच नाही कधी वेल्सले." तिकडे दर रविवारी शेजारची सून फोन करायची, की आजी आज जेवल्या नाहीत, आजींनी आज मला ओळखलं नाही, नुसतं 'शालू कुठे' विचारत राहिल्या. काकू हे मला अगदी कोरड्या आवाजात सांगायच्या. मला ते त्यांच्या रडण्यापेक्षा जड जायचं.

जानेवारीत संक्रांत आली. त्या शनिवारी केतकी तिळाच्या वड्या घेऊन आली आणि वर्ग सुटल्यावर खालच्या छोट्या हॉलमध्ये बायकांचं हळदीकुंकू करायचं ठरलं. आठ-दहा मराठी बायका, एक तमिळ, आणि कुतूहलानं थांबलेली एक पोलिश. कुंकू लावून झालं, वाण म्हणून केतकीनं प्रत्येकीला एकेक खोडरबर दिलं, आणि मग अर्थातच, नाव घ्या.

केतकी म्हणाली, "ताई, आज रूल असा, की उखाण्यात पुस्तकातलं काहीतरी आलंच पाहिजे. नाहीतर फाउल." आणि तिनंच सुरुवात केली.

"राजानं केल्या सहा राण्या, एकीशीही जमेना,
निखिलरावांना मी एकच, तरी त्यांना झेपेना."

हॉल हसला. दुसरीनं रोमन लोकांची भिंत घेतली.

"रोमन राजानं उत्तरेला बांधली दगडी भिंत,
संदीपराव घरी असून मीटिंगमध्ये, एवढीच मला खंत."

मला हे सगळं पोरकट वाटत होतं, आणि आवडतही होतं. पोलिश मुलीला भाषांतर करून सांगता सांगता माझं लक्ष गेलं, तर काकू जागेवर नव्हत्या. त्या सिंकपाशी उभ्या राहून कप विसळत होत्या. कप स्वच्छच होते. आपल्याकडे नवरा गेलेली बाई हळदीकुंकवात अशीच काहीतरी काम काढून उठते. कोणी तिला उठवत नाही, ती आपण होऊन उठते, आणि बाकीच्या आपण होऊन तिच्याकडे बघत नाहीत. मी जन्मभर हे बघत आले आणि त्या दिवशी कॉव्हेंट्रीत मला त्याचा भयंकर राग आला.

पण मी काही बोलायच्या आत केतकीनं हाक मारली. "काकू, कप राहू द्या ना. तुमचा टर्न आहे."

"अगं केतकी," एक वयस्कर बाई दबक्या आवाजात म्हणाली. केतकीला कळेना आपलं काय चुकलं. नंतर कळलं, तिच्या घरी विधवा आजीच सगळ्यात आधी नाव घ्यायची.

काकूंनी नळ बंद केला. हात पुसले. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घेऊ का बाई? चार वर्षं झाले. सवय नाही राह्यली."

मी म्हटलं, "घ्या ना काकू. तुमचेच तर आहेत ते."

त्या सिंकपाशीच उभ्या राहिल्या. मग खिडकीकडे बघत, शाळेत कविता म्हणावी तशा आवाजात म्हणाल्या,

"गुलाब फुले इंग्लंडात, वेल्सात डॅफोडिल पिवळे,
गोऱ्यांच्या या मुलखात माझे मनोहरराव सावळे."

केतकी उठली, तिळाची वडी काकूंच्या हातावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मला चष्मा पुसावा लागला, आणि मी काही उठसूट रडणारी बाई नव्हे.

चहा घेताना काकू आपणहून बोलायला लागल्या. हिवाळा सरता सरता कारखान्यातून येताना मनोहरराव पेट्रोल पंपावरून डॅफोडिलची जुडी आणायचे. बंद कळ्या असायच्या, काकू म्हणायच्या कांद्याची पात काऊन आणली. सकाळी उठून बघावं तर सगळी पिवळीधमक. "त्यायनंच सांगितलं होतं, हे वेल्सचं फूल म्हणून. मीच विसरली होती," त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "घरात त्यायचं नावच नाही निघत बाई. मी रडीन म्हणून पोट्टा काढत नाही. पोट्टा रडीन म्हणून मी काढत नाही."

त्यानंतरच्या शनिवारपासून वर्गाचं तंत्रच बदललं. मी धडा शिकवायचा आणि काकूंनी पुढच्या आठवड्यापर्यंत त्याचा उखाणा करून आणायचा. पार्लमेंटचा झाला, मतदानाचा झाला, राजाच्या सनदेचा झाला. काही उखाण्यांची यमकं अशी, की ऐकवत नसत. पण एका ओळीत देशाचा इतिहास आणि दुसऱ्या ओळीत मनोहरराव बसले, की ते काकूंच्या डोक्यातून पुन्हा हलायचे नाहीत. राजे वेगळे वेगळे दिसायला लागले. कुणाच्या वेळी मनोहररावांची नाइट शिफ्ट होती, कुणाच्या वेळी त्यांनी नवी सायकल घेतली. इतिहासाच्या दृष्टीनं हे सगळं भयानक होतं. ज्या पाठांतराशी मी आयुष्यभर भांडले, ते शेवटी असं पायावर पाय टाकून माझ्याच वर्गात येऊन बसलं.

"दिवसातून पन्नास वेळा नाव घेते आता," काकू म्हणाल्या. "नातू विचारते, आजी, हू इज मनोहरराव? म्हटलं, तुझा आजोबा होय बाबा. ये इकडे, सांगते."

तिसऱ्या परीक्षेला मी त्यांच्याबरोबर बर्मिंगहॅमला गेले. कधी कोणाबरोबर जात नसे, पण त्या आठवड्यात अमरावतीहून बातमी बरी नव्हती. आईनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. पर्स, फोन, घड्याळ सगळं लॉकरमध्ये ठेवून काकू आत गेल्या आणि मी समोरच्या कॅफेत थंड होणाऱ्या कॉफीकडे बघत बसले. बाहेर आल्या त्या ओठ घट्ट मिटून.

"काय झालं?"

"तो सुपरवायझर आला माह्यापाशी. म्हणे, मॅडम, नो टॉकिंग."

"तुम्ही बोलत होतात?"

"उखाणे म्हणून रायली होती ना मनात. ओठ हलले असतीन. म्हटलं, सॉरी सर, आय वॉज टॉकिंग टू माय हजबंड."

"मग?"

"मग त्यानं मागं वळून पाह्यलं."

निकाल ट्रेनमध्ये असताना फोनवर आला. काकूंना चष्मा सापडेना, मी वाचला. पास. त्यांनी फोन हातात घेतला, पुन्हा वाचायला लावला, आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून कॉव्हेंट्री येईपर्यंत रडल्या. समोरच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं न बोलता टिशूचं पाकीट पुढे केलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. पुस्तकात हे असायला हवं होतं.

पुढे अर्ज, आणि मग वाट बघणं. परीक्षेपेक्षा ते वाईट. आई कधी जेवायची, कधी नाही. काकू म्हणायच्या, "तिले म्हणा थांब, सरकार विचार करून रायलं." शपथविधीला मी आणि केतकी गेलो होतो. काकू मोरपंखी साडीत, मेयरच्या हातून सर्टिफिकेट घेताना अगदी ताठ. मग भारतीय पासपोर्ट परत करायचा दिवस आला, तेव्हा मात्र त्यांचा पाय निघेना. "त्यायनं जपला होता," एवढंच म्हणाल्या. एका हातानं मिळालं तर दुसऱ्या हातानं द्यावं लागतं, हे मला मी स्वतः तो परत केला त्या दिवसापासून माहीत आहे. इतकी वर्षं मी लोकांना त्या दारापर्यंत नेलं. मनात कुठेतरी त्याची रुखरुख आहे, आणि ती राहू द्यावी असं मला वाटतं.

काकू अमरावतीला गेल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती. माझ्या नोकरीचं ते शेवटचं सत्र. एका शनिवारी वर्ग संपता संपता केतकीच्या फोनवर त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून बघायला लागलो. अमरावतीचं ऊन, लोखंडी पलंग, आणि पलंगावर चिमणीएवढी म्हातारी, काकूंचा हात स्वतःच्या हातात धरून.

"ओळखलं का आईनं?" मी विचारलं.

"नाही बाई," काकू म्हणाल्या. "सकाळपासून तिसऱ्यांदा विचारून रायली, कोनाची सून होय तू म्हणून. तिले वाटते मी कोणी नवी नवरी होय." त्या हसत होत्या. "पण आज पोळी खाल्ली तिनं, माह्या हातची."

म्हातारीनं काकूंचा हात ओढला. फोनशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "लाजते काऊन वो?" ती म्हणाली. "नाव घे ना. नव्या नवरीले नाव घ्या लागते."

काकूंनी एकदा आमच्याकडे बघितलं. मग आईकडे वळून, तिच्या अगदी कानाशी, सावकाश म्हणाल्या. इंग्लंडचा गुलाब, वेल्सचे डॅफोडिल, आणि गोऱ्यांच्या मुलखातले सावळे मनोहरराव.

म्हातारी ऐकत होती. डॅफोडिल तिला कळलं नसणार. पण शेवटच्या शब्दाशी तिचा चेहरा उजळला, आणि ती या अनोळखी नवरीचा हात थोपटत म्हणाली, "सावळा हाये, पण पोट्टा चांगला हाये. म्याच पाह्यलं व्हतं त्याले, माह्या शालूसाठी."